आडवलीच्या लूपवरचे रंग

कोकण रेल्वेला वाफेचं इंजिन माहीत नाही. देशात ब्रॉडगेजवर वाफेच्या इंजिनाची शेवटची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी पंजाबात, जालंधर ते फिरोजपूर, धावली. आपला रोहा ते ठोकूर हा मार्ग सलग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. वाफेचं युग आटोपलं आणि त्यानंतर हा मार्ग सलग झाला. भुसावळ, दौंड, मिरज इथली म्हातारी माणसं जुन्या गाडीचं नाव काढलं की कोळशाच्या आणि डोळ्यांत गेलेल्या कणांच्या गोष्टी सांगतात. आमच्या लांजा तालुक्यात जुनं इंजिन म्हटलं की डिझेलचंच आठवतं. काळा धूर सोडत बोगद्याबाहेर येणारं, एका बाजूला केबिन आणि पुढे लांबलचक पेटी असलेलं, कधी निळं, कधी हिरवं, कधी गडद तांबडं.

हे डिझेलचं युग साधारण चोवीस वर्षांचं. २०१५ मध्ये विद्युतीकरणाचा प्रारंभ झाला, मार्च २०२२ मध्ये शेवटचा टप्पा पुरा झाला आणि २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांनी बंगळूरहून हा ७४१ किलोमीटरचा विजेचा मार्ग देशाला अर्पण केला. खर्च १,२८७ कोटी रुपये. इंधनाची बचत आहे, बोगद्यातला धूर गेला आहे, डोंगरकपारीतल्या हवेला उसंत मिळाली आहे. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण त्या इंजिनांच्या अंगावर जे रंग होते ते फार लवकर गेले, आणि जाताना कुणाच्या लक्षातही आले नाहीत. हा लेख त्या रंगांविषयी आहे.

लांजा शहर मुंबई-गोवा महामार्गावर वसलेलं. रेल्वे मात्र शहराला वळसा घालून डोंगराआडून जाते. तालुक्याची स्टेशनं म्हणजे आडवली आणि विलवडे. नंतर त्यात वेरवलीची भर पडली. स्टेशनवर उतरल्यावर पुढे रिक्षा, एसटी किंवा घरून आलेली दुचाकी. बाजारपेठ नाही, गर्दी नाही. फलाट, पाटी, आजूबाजूला कातळ आणि झाडी. या मार्गासाठी अ. ब. वालावलकरांनी आयुष्य वेचलं. लांजा तालुका ज्या राजापूर लोकसभा मतदारसंघात होता, त्याचे खासदार बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधू दंडवते यांनी दिल्लीत या मार्गाचा पाठपुरावा केला. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना महामंडळ उभं राहिलं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. हा इतिहास बराच लिहिला गेला आहे. त्या मार्गावर जी इंजिनं धावली त्यांच्याबद्दल मात्र मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

एकेरी मार्ग असल्यामुळे इथे क्रॉसिंग आलं. समोरून गाडी येणार असेल तर एकीनं लूप लाइनला थांबायचं. आडवलीच्या लूपवर मालगाडी पाऊण-पाऊण तास उभी राहायची, आणि तेवढ्या वेळात इंजिन जवळून नीट पाहता यायचं. मुंबईच्या फलाटावर ही सोय नाही. तिथे इंजिन गर्दीच्या पार पलीकडे असतं. आडवलीला ते तुमच्यापासून चार हातांवर, सुरूच असलेलं, पायाखालची खडी थरथरवत.

त्याच्या अंगावर वाचण्यासारखं पुष्कळ असायचं. केबिनच्या बाजूला पाच आकडी क्रमांक. त्या आकड्यांवरून जात कळायची. ११ ने सुरू होणारा असेल तर डब्ल्यूडीएम-३डी, ३,३०० अश्वशक्तीचं. १२ ने सुरू होणारं मालगाडीचं दणकट डब्ल्यूडीजी-४, अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या आराखड्याचं. १३ म्हणजे डब्ल्यूडीजी-३ए. १६, १७, १८ म्हणजे म्हातारी मंडळी, डब्ल्यूडीएम-२ किंवा त्यांचीच ताकद वाढवून केलेली ३ए. ही अक्षरं सोपी आहेत: डब्ल्यू ब्रॉडगेजचा, डी डिझेलचा, आणि पुढे मालगाडीसाठी जी, प्रवासीगाडीसाठी पी, दोन्हींसाठी एम. क्रमांकाच्या मागे आर असेल तर ते इंजिन पतियाळाच्या कारखान्यात जाऊन, अर्धं आयुष्य संपल्यावर, नव्यानं उभं राहून आलेलं. खाली बारीक अक्षरांत मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि कारखान्याचं नाव. मध्य रेल्वेच्या इंजिनांवर तिथे बहुधा परळ असायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेडचं, म्हणजे इंजिनाची देखभाल जिथे व्हायची त्या ठिकाणाचं, नाव: कल्याण, पुणे, एर्णाकुळम, कृष्णराजपुरम.

डब्यांचा रंग दिल्लीत ठरतो. सगळ्या देशाचे डबे विटकरी होते ते नव्वदच्या दशकात निळे झाले, २०१८ पासून बदामी-तपकिरी होऊ लागले, आता नव्या डब्यांचा लाल-करडा. एका फर्मानानं सगळीकडे एकच. डिझेल इंजिनाचं तसं नव्हतं. वाराणसीच्या कारखान्यातून ते एका रंगात बाहेर पडायचं, शेडमध्ये रुजू व्हायचं आणि पहिल्या मोठ्या रंगकामाला शेड त्याला आपला रंग द्यायची. रंग कोणता, पट्टा किती रुंद, पट्टा नाकाशी येऊन कसा वळवायचा, शेडचं नाव कोणत्या वळणाच्या अक्षरांत लिहायचं, हे शेडमधले अधिकारी आणि तिथले रंगारी मिळून ठरवायचे. अधिकारी बदलला की कधी पट्टाही बदलायचा. एका शेडमध्ये एकाच वेळी दोन-तीन नमुने नांदायचे: जुन्या पद्धतीचे काही, नव्याचे काही, आणि एखादं असं की ज्याच्यावर काहीतरी करून पाहिलं आणि पुन्हा कधी केलं नाही. वाडीतली गुरं लांबून ओळखावीत तशी रुळांवर काम करणारी माणसं वळणावर इंजिनाचं नाक दिसताच ते कुठलं ते ओळखायची.

त्यामुळे आडवलीच्या लूपवर उभं राहून देश समोरून जाताना दिसायचा. मुंबईकडून येणाऱ्या कोकणकन्या आणि मांडवी या गाड्यांना कल्याण शेडची इंजिनं. केरळच्या गाड्यांना कधी दक्षिणेतल्या शेडची, निराळ्या रंगाची, निराळ्या लिपीत नाव लिहिलेली. मालगाड्यांना बंगळूरजवळच्या कृष्णराजपुरमची. ट्रक पाठीवर घेऊन जाणारी रो-रो २६ जानेवारी १९९९ ला कोलाड-वेर्णा मार्गावर सुरू झाली, तिच्यापुढेही डिझेलच. वाराणसीहून आलेल्या मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-३ए चा हिरवा रंग आणि त्यावरचा पिवळट पट्टा, कोकणातल्या पावसाळी हिरव्यापुढे थोडा उसना वाटायचा. उन्हाळ्यात मात्र तांबड्या कटिंगमधून तो आला की डोळा ठरायचा.

रंगाचं आयुष्य किती हे इथे नीट कळायचं, कारण इथली हवा रंगाला सोसत नाही. जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग कमी होतो, गस्त वाढते. चार महिने इंजिन ओलं. उरलेले आठ महिने जांभ्याची तांबडी धूळ. आणि बोगदे. संपूर्ण मार्गावर ९१ बोगदे आहेत. त्यातला करबुडे साडेसहा किलोमीटरचा; काश्मीरमधला पीर पंजाल २०१३ मध्ये सुरू होईपर्यंत तो देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. आपल्या तालुक्यातल्या बेर्डेवाडीचा चार किलोमीटरचा. लांब बोगद्यांत हवा खेळती ठेवण्यासाठी मोठाले पंखे बसवले होते, तरी गाडी आत शिरली की अनुभवी प्रवासी खिडक्यांच्या काचा खाली ओढायचे. दोन इंजिनं जोडलेली असली तर पुढच्याचा धूर मागच्यावर. क्रीम रंगाचा पट्टा सर्वांत आधी जायचा. आधी पिवळट, मग करडा, मग धुराड्याच्या खाली काळा ओघळ. मागच्या टोकाला, जिथे रेडिएटरचा पंखा असतो, तिथे तेलाचे शिंतोडे आणि त्यावर बसलेली धूळ. दरवाज्याशेजारच्या दांडीखाली मात्र एक जागा कायम स्वच्छ दिसायची, कारण वर चढणारा प्रत्येक जण तिथेच अंग घासायचा.

एका डब्ल्यूडीएम-३ए च्या पायरीशेजारी रंगाचा टवका उडालेला मी जवळून पाहिला आहे. वर निळा. त्याच्या खाली लांबीचा पांढुरका थर. त्याखाली तांबडा, आणि तांबड्याच्याही खाली, अगदी लोखंडाला चिकटून, प्राइमरचा मातकट थर. त्या करंगळीएवढ्या जागेत इंजिनाच्या दोन आयुष्यांची नोंद होती: तांबड्या काळातलं आणि निळ्या काळातलं. तांबड्यात ते कोणत्या शेडचं होतं, कोणती गाडी ओढत होतं, हे त्या टवक्यावरून कळत नव्हतं. त्यासाठी छायाचित्र लागतं.

ही इंजिनं आली कुठून, तेही सांगायला हवं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी होती. रेल्वेतली माणसं तिला ॲल्को म्हणतात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला या नमुन्याची पहिली इंजिनं तिथे तयार होऊन भारतात आली, तंत्रज्ञानही आलं, आणि वाराणसीच्या डिझेल कारखान्यातून जानेवारी १९६४ मध्ये पहिलं इंजिन बाहेर पडलं. लालबहादूर शास्त्रींनी ते देशाला अर्पण केलं. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, वजन ११२ टनांवर. हेच डब्ल्यूडीएम-२. १९९८ पर्यंत अशी २,६०० हून अधिक इंजिनं झाली. म्हणजे कोकण रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी हा नमुना बनणं थांबलं. मूळ ॲल्को कंपनी तर १९६९ मध्येच इंजिनं बनवायची बंद झाली होती. तिच्या आराखड्याचा वंश मात्र वाराणसीत पुढे वाढत राहिला, त्याची ताकद ३,१०० आणि ३,३०० पर्यंत गेली.

ॲल्कोचा काळा धूर हा दोष मानला गेला, आणि तो होताच. ड्रायव्हरनं नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराचा टप्पा, वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण हवा पुरवणारा टर्बोचार्जर वेग घ्यायला काही क्षण घेतो; तेवढ्या वेळात अर्धवट जळलेलं इंधन धुरातून बाहेर पडतं. कोकण रेल्वेचा मार्ग आखताना चढ १५० ला १ पेक्षा तीव्र ठेवला नाही, वळणंही १,२५० मीटर त्रिज्येपेक्षा तंग नाहीत. तरी विलवड्याहून जड मालगाडी निघाली की एक-एक नॉच वाढतानाचा तो दमदार, तुटक आवाज कितीतरी वेळ ऐकू यायचा. जनरल मोटर्सच्या आराखड्याची इंजिनं आली तसा आवाज बदलला, धूर कमी झाला, आणि रंगही बदलले.

रंग थोड्या काळासाठी लावले जातात आणि जातात, हे जगभर झालं आहे. ब्रिटनमध्ये १९६१ ते १९६४ या काळात वेस्टर्न नावाच्या वर्गाची ७४ डिझेल इंजिनं झाली. पहिल्याला वाळवंटी रेतीचा रंग दिला. १९६३ मध्ये डी-१०१५ ला सोनेरी पिवळा देऊन पाहिला. दोन्ही पुढे रुजले नाहीत. बहुतेक इंजिनं आधी किरमिजी आणि नंतर सगळ्या ब्रिटिश रेल्वेसारखी निळी झाली. १९६४ मध्ये डी-१७३३ या एका इंजिनाला निळ्याची एक प्रायोगिक छटा दिली होती, ती तर त्या एकट्यापुरतीच. आज त्या देशातले लोक या एकेका इंजिनाचं नाव, तारीख, रंगाची छटा तोंडपाठ सांगतात. डी-१०१५ जतन करून ठेवलेलं आहे.

अमेरिकेतलं उदाहरण आणखी बोलकं. सांता फे आणि सदर्न पॅसिफिक या दोन मोठ्या रेल्वे कंपन्या एकत्र येणार म्हणून १९८५ पासून शेकडो इंजिनांना लाल, पिवळा, काळा असा नवा रंग दिला गेला. कोडॅकच्या फिल्मच्या डबीसारखा, म्हणून लोक त्याला कोडाक्रोम म्हणू लागले. जुलै १९८६ मध्ये सरकारी आयोगानं ते विलीनीकरणच नाकारलं. इंजिनं रंगली, कंपनी झालीच नाही. पुढे २०१२ मध्ये नॉरफोक सदर्न या दुसऱ्या कंपनीनं तर वीस नवी इंजिनं मुद्दाम आपल्या पूर्वज कंपन्यांच्या जुन्या रंगांत रंगवून घेतली आणि ती रोजच्या मालगाड्यांना जोडली. एखादा जुना रंग पुन्हा रुळावर आणायला खर्च लागतो तो एका इंजिनाच्या रंगकामाचा. तो नेमका कसा होता याची माहिती मात्र कुणीतरी आधी जपून ठेवलेली असावी लागते.

आपल्याकडे अल्पायुषी रंगांची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. महात्मा गांधींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्तानं अनेक इंजिनांवर गांधीजींचं चित्र आणि तिरंगा आला. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात काही इंजिनं सैन्यातल्या वीरांच्या नावे रंगली. निमित्त सरलं, इंजिन दुरुस्तीला गेलं, आणि ते चित्र नव्या थराखाली गेलं. २२ मे २०१७ रोजी मुंबई-करमळी तेजस सुरू झाली तेव्हा तिच्या डब्यांवर रंगाऐवजी व्हिनाइलचं आवरण होतं. छापायचं, चिकटवायचं, खराब झालं की सोलून काढायचं. त्यात पट्टी धरून क्रीमचा पट्टा ओढणाऱ्या माणसाचं काम उरत नाही.

आणि ते काम साधं नव्हतं. मोठ्या दुरुस्तीत इंजिनाचा जुना रंग खरवडतात, गंज घासून काढतात, प्राइमर देतात, खड्ड्यांत लांबी भरून पुन्हा घासतात, मग मूळ रंग, मग पट्टी चिकटवून पट्टा, आणि सर्वांत शेवटी क्रमांक आणि नाव. परळच्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या कोकणातली माणसं कामाला होती. लांजा, राजापूर, संगमेश्वर या तालुक्यांतून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी गिरण्यांइतकीच रेल्वेच्या कारखान्यांतही हयात काढली आहे. गणपतीला गावी येताना ज्या इंजिनामागे ते बसले, त्याचा रंग त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी हातचा असण्याची शक्यता मोठी. पण इंजिन बनवणाऱ्याचं नाव पाटीवर ओतीव अक्षरांत असतं. रंगवणाऱ्याचं कुठेच नसतं.

आता ती इंजिनं कुठे आहेत? काही विजेच्या मार्गांवरही आणीबाणीच्या कामासाठी ठेवलेली आहेत, काही यार्डात डबे सरकवतात. काही देशाबाहेर गेली: जुलै २०२० मध्ये दहा आणि मे २०२३ मध्ये वीस ब्रॉडगेज डिझेल इंजिनं भारतानं बांगलादेशला दिली. दोन डब्ल्यूडीजी-३ए जोडून वाराणसीत विजेचं इंजिन करण्याचा प्रयोगही झाला. त्याच कारखान्याचं नाव २०२० मध्ये बदललं आणि त्यातून डिझेल हा शब्द गेला. देशातून डिझेल संपलेलं नाही, बिहारमध्ये मढौऱ्याला नवी डिझेल इंजिनं बनलीच. पण म्हाताऱ्या ॲल्कोंची रवानगी मुख्यतः भंगारात झाली आहे. भंगारात लोखंड वजनावर जातं, रंगाला किंमत नसते.

वाफेच्या इंजिनाला आपण वारसा मानतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसशेजारी जुनी इंजिनं मांडून ठेवली आहेत, ठिकठिकाणच्या स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर वाफेची इंजिनं उभी दिसतात, आणि ते योग्यच आहे. पण कोकणासाठी वारसा म्हणजे डिझेल. डोंगर फोडून, पेडण्याच्या बोगद्यातल्या भुसभुशीत मातीशी झगडून जो मार्ग झाला, त्यावर पहिली गाडी आणली ती डिझेलनं. लांज्यातल्या एका पूर्ण पिढीनं नोकरीसाठी गाव सोडलं, परत आली, लग्नाची वऱ्हाडं नेली, आजारी माणसं मुंबईला उपचारांसाठी पोहोचवली, ती या इंजिनांच्या मागे बसून. चोवीस वर्षं थोडी आहेत म्हणून त्यांची नोंद कमी महत्त्वाची ठरत नाही. उलट काळ थोडा असला की नोंद राहून जायचा धोका जास्त.

कोकण रेल्वेकडे माझी मागणी एवढीच आहे. रत्नागिरी स्टेशनच्या आवारात एक डिझेल इंजिन जतन व्हावं, शक्यतो याच मार्गावर धावलेलं. ते दिसायला छान म्हणून नव्या, झगमगीत रंगांत रंगवू नये. ते ज्या शेडचं होतं त्या शेडच्या रंगात, त्या पट्ट्याच्या रुंदीसह, त्या अक्षरांच्या वळणासह असावं. शेजारी मराठीत पाटी असावी: कोणत्या साली बनलं, कोणत्या शेडमध्ये होतं, कोणत्या गाड्या ओढल्या, कोणत्या सालात कोणता रंग होता. परळ, कल्याण आणि पुण्यातले निवृत्त रंगारी आज आहेत. त्यांच्याकडून छटा आणि मापं लिहून घेण्याचं काम पाच-दहा वर्षांनी करता येणार नाही.

दुसरं सांगणं वाचकांना. १९९८ ते २०२२ या काळात आडवली, विलवडे, राजापूर रोड, निवसर, रत्नागिरी, कुठल्याही स्टेशनवर काढलेला फोटो तुमच्या घरी असेल. कुणाला तरी सोडायला गेलेला, मुलांना गाडी दाखवायला नेलेला, गणपतीच्या गर्दीतला. त्यात मागे कुठेतरी इंजिनाचा कोपरा असेल, अर्धा क्रमांक असेल, पट्टा असेल. तो फोटो फेकू नका. मागच्या बाजूला स्टेशन, साल, गाडीचं नाव आणि दिसत असेल तेवढा क्रमांक पेन्सिलीनं लिहा, आणि एक प्रत आपल्या तालुक्याच्या वाचनालयात द्या. दिवाळीच्या साफसफाईत जुने अल्बम हाताशी आलेच असतील. हे काम याच आठवड्यात करा.